पाच वॅट आणि एक डोंगर



तुमच्या खोलीतला एलईडी दिवा किती वॅटचा आहे, ते त्याच्यावर छापलेले असते. बहुधा तो ९ वॅटचा असेल. आता एक कोडे सोडवा. या दिव्याच्या जवळजवळ निम्म्या, म्हणजे अवघ्या ५ वॅट शक्तीच्या बिनतारी संचावरून दीडशे किलोमीटर दूर असलेल्या माणसाशी थेट बोलता येईल का? मध्ये तार नाही, मोबाइलचा मनोरा नाही, उपग्रहही नाही.

कोणी 'नाही' म्हणेल, कोणी 'हो' म्हणेल, आणि दोघांचेही उत्तर बरोबर असू शकेल. कारण हे उत्तर केवळ संचावर अवलंबून नाही. संच घेऊन तुम्ही कोठे उभे आहात, यावर ते अवलंबून आहे. सपाट मैदानावर तोच संच पाच-सात किलोमीटरांतच हात टेकतो. डोंगराच्या माथ्यावर नेला की तोच संच दुसऱ्या डोंगरावरच्या माणसाला हाक मारतो. संच तोच, बॅटरी तीच. मग बदलले काय?

याचे उत्तर शोधण्यासाठी आज आपण एका गमतीदार छंदाची ओळख करून घेऊ. या छंदातली माणसे पाठीवर बिनतारी केंद्र घेऊन डोंगर चढतात.

हौशी बिनतारीवाले

रेडिओ लहरींचा उपयोग आकाशवाणी, विमाने, जहाजे, पोलीस, मोबाइल कंपन्या असे अनेक जण करतात. या सर्वांना लहरींचे निरनिराळे पट्टे वाटून दिलेले आहेत. त्यांतले काही पट्टे जगभर हौशी लोकांसाठी राखून ठेवलेले असतात. परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवलेला कोणीही माणूस या पट्ट्यांवर स्वतःचे केंद्र चालवू शकतो. मात्र त्यातून पैसे मिळवायचे नाहीत, गाणी प्रसारित करायची नाहीत, गुप्त संदेश पाठवायचे नाहीत. प्रयोग करणे, शिकणे आणि एकमेकांशी संपर्क साधणे, एवढाच हेतू असावा लागतो. अशा लोकांना 'हॅम' असे टोपणनाव आहे.

प्रत्येक हॅमला सरकारकडून एक संकेतनाम मिळते. त्याच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून देश ओळखता येतो. भारतातील हौशी केंद्रांची संकेतनामे साधारणपणे 'व्ही यू' या अक्षरांनी सुरू होतात, तर इंग्लंडमधील अनेक संकेतनामे 'जी' या अक्षराने. आवाज अस्पष्ट असला तर 'बी' आणि 'डी' यांत घोटाळा होतो. म्हणून अक्षरांऐवजी ठरलेले शब्द उच्चारतात: 'ए'साठी अल्फा, 'बी'साठी ब्राव्हो, 'जी'साठी गोल्फ.

या छंदाचा एक जुना पराक्रम सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत १९१२ साली कायदा झाला आणि हौशी लोकांना २०० मीटर व त्याहून आखूड तरंगलांबीच्या लहरींवर ठेवण्यात आले. या लहरी लांब जात नाहीत, त्या निरुपयोगी आहेत, अशी तेव्हाच्या जाणकारांची समजूत होती. हौशी लोकांनी त्याच लहरींवर प्रयोग चालू ठेवले आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये सुमारे ११० मीटर लांबीच्या लहरींवर फ्रान्स आणि अमेरिका यांच्यात दुतर्फा संभाषण करून दाखवले. टाकाऊ ठरवलेल्या लहरी अटलांटिक महासागर ओलांडून गेल्या!

डोंगर कशाला म्हणायचे?

डोंगरावर जाऊन बिनतारी संच चालवणे ही गोष्ट नवी नाही. पण २ मार्च २००२ रोजी इंग्लंडमधील काही हॅम मंडळींनी तिला एका खेळाचे रूप दिले. या उपक्रमाचे नाव 'समिट्स ऑन द एअर', म्हणजे 'शिखरे हवेवर'. तो आधी इंग्लंड व वेल्समध्ये सुरू झाला आणि पुढे अनेक देशांत पसरला. त्याच्या नावाची आद्याक्षरे जोडून हॅम त्याला 'सोटा' म्हणतात.

खेळ म्हटला की नियम आले. पहिला प्रश्न असा, की डोंगर कशाला म्हणायचे? तुम्ही म्हणाल, जो उंच तो डोंगर. पण एका उंच पठारावर दहा मीटरांचा उंचवटा असेल, तर तो वेगळा डोंगर मानायचा का? समुद्रसपाटीपासून त्याची उंची भरपूर भरेल, पण ती उंची पठाराची आहे, उंचवट्याची नव्हे.

म्हणून भूगोलातली एक वेगळी कल्पना वापरतात. समजा, तुम्ही एका शिखरावर उभे आहात आणि तुम्हांला त्याहून उंच असलेल्या दुसऱ्या शिखरावर जायचे आहे. वाट अशी निवडा, की मध्ये कमीत कमी खाली उतरावे लागेल. तरीही काही उतार उतरून एका खिंडीत यावेच लागेल. शिखरापासून त्या खिंडीपर्यंत जेवढे मीटर उतरावे लागले, तेवढा त्या शिखराचा 'उठाव'. सोटामध्ये सर्वसाधारण नियम असा, की शिखराचा उठाव निदान १५० मीटर हवा. काही प्रदेशांत तो १०० मीटरही चालतो.

ब्रिटनमध्ये अशा डोंगरांची यादी आयतीच तयार होती. स्कॉटलंडमधील ३,००० फुटांहून उंच शिखरांची यादी सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केली होती. त्या शिखरांना 'मन्रो' म्हणू लागले. पुढे १९९२ मध्ये ॲलन डॉसन यांनी उंची न पाहता केवळ १५० मीटर उठावाच्या कसोटीवर ब्रिटनमधल्या डोंगरांची यादी केली आणि मन्रोंच्या जोडीला गमतीने त्यांचे नाव ठेवले 'मेरिलिन'! मेरिलिन मन्रो ही प्रसिद्ध अमेरिकन नटी तुमच्या आजी-आजोबांना ठाऊक असेल.

चौघांशी बोला, तरच गुण

यादीतील प्रत्येक शिखराला एक क्रमांक दिलेला असतो आणि उंचीप्रमाणे १ ते १० गुण. इंग्लंडमधील सर्वांत उंच शिखर स्कॉफेल पाइक हे ९७८ मीटर उंच आहे. त्याला १० गुण आहेत. ते 'लेक डिस्ट्रिक्ट' नावाच्या सरोवरांच्या प्रदेशात आहे. त्याचा माथा मोठमोठ्या दगडधोंड्यांनी भरलेला आहे आणि तेथपर्यंत मोटार जात नाही.

नियम थोडक्यात असे. शेवटची चढण पायी किंवा मोटर नसलेल्या साधनाने करायची. सर्व सामान स्वतः किंवा सोबत्यांनी वाहून न्यायचे. माथ्यावर आधीपासून वीज असली तरी ती वापरायची नाही. पेट्रोल किंवा डिझेलचे जनित्र चालत नाही. बॅटरी किंवा सौरपट्टी चालते. केंद्र माथ्यापासून उभ्या अंतरात २५ मीटरांच्या आतच मांडायचे. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम: निदान चार वेगवेगळ्या केंद्रांशी संपर्क झाला, तरच गुण मिळतात.

या शेवटच्या नियमात खेळाचा सगळा जीव आहे. शिखर एकट्याने गाठता येते. पण संपर्क एकट्याने होत नाही, त्यासाठी पलीकडे कोणीतरी ऐकणारा लागतो. चार तास चढून गेलेला, थंडीने बोटे बधिर झालेला माणूस तीन संपर्क झाल्यावर चौथ्यासाठी पुन्हा पुन्हा हाक देत बसतो. 'सी क्यू, सी क्यू' ही ती हाक. 'जो कोणी ऐकत असेल त्याने उत्तर द्यावे' असा तिचा अर्थ. चौथे उत्तर आले नाही, तर चढण्याचा व्यायाम झाला, पण गुणांची पाटी कोरी!

खेळणारे दोन गटांत असतात. डोंगरावरून बोलणारे ते 'चढणारे', आणि घरच्या केंद्रावर बसून त्यांचा क्षीण आवाज शोधणारे ते 'शोधणारे'. दोघांनाही गुण मिळतात. चढणाऱ्याचे १,००० गुण झाले की त्याला 'माउंटन गोट', म्हणजे 'डोंगरी बोकड', हा किताब मिळतो. घरबसल्या १,००० गुण मिळवणाऱ्याला 'स्लॉथ' या अतिशय आळशी प्राण्याचे नाव मिळते!

आता मूळ कोड्याकडे वळू.

क्षितिज किती दूर?

हॅम मंडळी डोंगरावर पुष्कळदा १४५ मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी वापरतात. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. त्यावरून लहरीची लांबी काढण्याची सोपी रीत अशी, की ३०० ला मेगाहर्ट्‌झच्या आकड्याने भागायचे. ३०० ÷ १४५ = २.०७ मीटर. म्हणून या पट्ट्याला '२ मीटरचा पट्टा' म्हणतात. या लहरी जवळजवळ प्रकाशासारख्या सरळ रेषेत जातात. पृथ्वी मात्र गोल आहे. त्यामुळे काही अंतरावर जमीन खाली वाकते आणि लहरी तिच्या डोक्यावरून अवकाशात निघून जातात.

मग क्षितिज किती अंतरावर असते? वहीत एक वर्तुळ काढा. त्याचा मध्य 'क' आणि ते वर्तुळ म्हणजे पृथ्वी. वर्तुळाच्या थोड्या बाहेर डोंगराचा माथा 'म' दाखवा. 'म'पासून वर्तुळाला स्पर्शिका काढा. ती वर्तुळाला 'स' या बिंदूत स्पर्श करते. हा 'स' म्हणजे क्षितिज. त्रिज्या आणि स्पर्शिका यांच्यात काटकोन असतो, हे तुम्ही भूमितीत शिकला आहात किंवा लवकरच शिकाल. म्हणून त्रिकोण 'क स म' काटकोन त्रिकोण झाला आणि पायथागोरसचा सिद्धान्त वापरायला आपण मोकळे झालो.

(त्रिज्या + उंची)² = त्रिज्या² + अंतर²

कंस सोडवला की दोन्ही बाजूंचा त्रिज्येचा वर्ग जातो आणि उरते:

अंतर² = २ × त्रिज्या × उंची + उंची²

पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर. डोंगर १ किलोमीटर उंच असेल, तर पहिले पद १२,७४२ येते आणि दुसरे पद फक्त १! तेव्हा दुसरे पद बेलाशक सोडून द्या. उंची मीटरमध्ये आणि अंतर किलोमीटरमध्ये मोजले, तर सूत्र असे होते:

अंतर = ३.५७ × √उंची

हे डोळ्याला दिसणारे क्षितिज. रेडिओचे क्षितिज थोडे अधिक दूर असते. जमिनीजवळची हवा दाट आणि वरची विरळ असल्यामुळे लहर जाता जाता किंचित खाली वाकते व पृथ्वीची गोलाई थोडी अनुसरते. सर्वसाधारण हवेत हा परिणाम असा होतो, जणू पृथ्वीची त्रिज्या एक-तृतीयांशाने वाढली आहे. मग सूत्रात ३.५७ च्या जागी ४.१२ येतात.

आता हिशेब करा. समुद्रकिनाऱ्यावर हातात संच धरून उभे राहिलात, अँटेना जमिनीपासून १.५ मीटरवर आहे. अंतर येते ४.१२ × १.२२ = सुमारे ५ किलोमीटर. स्कॉफेल पाइकच्या माथ्यावर उंची ९७८ मीटर. त्याचे वर्गमूळ ३१.३ आणि अंतर सुमारे १२९ किलोमीटर. म्हणजे पंचवीसपटींहून अधिक!

दोन्ही टोके उंचावर असतील तर आणखी गंमत होते. प्रत्येक टोकाचे क्षितिज वेगवेगळे काढून त्यांची बेरीज करायची. वेल्समधील सर्वांत उंच शिखर स्नोडन १,०८५ मीटर उंच आहे. त्याचे रेडिओ-क्षितिज सुमारे १३६ किलोमीटरांवर येते. दोन्हींची बेरीज २६५ किलोमीटर. या दोन शिखरांमधले प्रत्यक्ष अंतर सुमारे १६४ किलोमीटर आहे आणि मधल्या वाटेचा बराचसा भाग समुद्रावरून जातो. म्हणजे दोन्ही माथे एकमेकांच्या थेट दृष्टिरेषेत आहेत. हवा अगदी स्वच्छ असेल, तर एकावरून दुसरे डोळ्यांनीही दिसू शकते. कोड्यातले दीडशे किलोमीटर कसे पार होतात, हे आता ध्यानात आले ना?

सूत्राकडे पुन्हा एकदा पाहा. अंतराचा वर्ग उंचीच्या प्रमाणात वाढतो. वर्तुळाचे क्षेत्रफळही त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे उंची दुप्पट झाली, की तुमच्या टप्प्यात येणारा प्रदेशही दुप्पट होतो. त्या प्रदेशात ऐकणारी माणसेही साहजिकच जास्त असतात. चौथे उत्तर मिळण्याची शक्यता अशी मीटरामीटराने वाढते.

शक्ती वाढवली तर?

एखादा म्हणेल, 'डोंगर चढण्याची यातायात कशाला? मैदानातच २० पट शक्तीचा संच लावू.' हा विचार तपासून पाहू.

मोकळ्या जागेत लहर जशी दूर जाते तशी ती पसरते. अंतर दुप्पट झाले, की तेवढीच शक्ती चौपट क्षेत्रावर वाटली जाते. म्हणून टप्पा दुप्पट करायचा तर शक्ती चौपट हवी आणि तिप्पट करायचा तर नऊपट. हॅम लोकांच्या संचावर संदेशाची तीव्रता दाखवणारे मापक असते. त्यावर शक्ती चौपट झाली, की काटा साधारण एक घर पुढे सरकतो. ५ वॅटचे १०० वॅट केले, म्हणजे २० पट, तर तो जेमतेम दोन घरांहून थोडा अधिक सरकेल. बॅटरी मात्र कितीतरी जड होईल.

आणि क्षितिजाखाली गेलेल्या माणसाचे काय? त्याच्या आणि तुमच्या मध्ये पृथ्वीच आहे. शक्ती २० पट केली म्हणून पृथ्वी बाजूला होत नाही. लहरी कडांवरून थोड्याफार वळतात, हे खरे; पण त्यात त्या फार क्षीण होतात. म्हणजे अडथळा असेल तेथे वॅट वाढवण्यापेक्षा जागा बदलणे शहाणपणाचे. मोबाइलचे आणि दूरचित्रवाणीचे मनोरे टेकड्यांवर व उंच इमारतींवर का असतात, त्याचेही कारण हेच.

आकाशातला आरसा

२ मीटरच्या पट्ट्यावर पृथ्वीची गोलाई आड येते. पण ७ किंवा १४ मेगाहर्ट्‌झच्या लहरी वापरल्या, तर त्याच डोंगरावरून हजारो किलोमीटर दूरचे देशही गाठता येतात. ते कसे?

सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांतील अणु-रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात. या विद्युत्‌भारित भागाला आयनांबर म्हणतात. जमिनीपासून सुमारे २०० ते ४०० किलोमीटर उंचीवरचा त्याचा थर लघुलहरींना वाकवून परत खाली पाठवतो. असा थर असावा, असा तर्क १९०२ मध्ये केनेली व हेव्हिसाइड यांनी मांडला. १९२४ मध्ये एडवर्ड ॲपलटन यांनी प्रयोगाने त्याचे अस्तित्व दाखवले. या संशोधनाबद्दल त्यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा आरसा लहरी आहे, दोन्ही अर्थांनी! सूर्यावरील डागांच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राप्रमाणे तो बदलतो. दिवसा वेगळा, रात्री वेगळा. १४ मेगाहर्ट्‌झची लहर पुष्कळदा एका उडीत हजार-दोन हजार किलोमीटर जाते. पण मधल्या पट्ट्यातल्या माणसाला काहीच ऐकू येत नाही, कारण लहर त्याच्या डोक्यावरून उडी मारून गेलेली असते. १४५ मेगाहर्ट्‌झची लहर मात्र बहुतेक वेळा या आरशाला भेदून अवकाशात निघून जाते.

आयनांबराकडून येणाऱ्या लहरींना डोंगराच्या हजार मीटर उंचीचे फारसे कौतुक नसते. तरीही डोंगरावर एक मोठा लाभ मिळतो, तो शांततेचा. शहरात विजेच्या तारा, मोबाइलचे चार्जर, एलईडी दिव्यांचे भाग, संगणक हे सर्व रेडिओचा खरखराट निर्माण करतात. त्या गोंगाटात क्षीण संदेश बुडून जातो. माथ्यावर यांतले बहुधा काहीच नसते. म्हणून तेथे दूरचा, अगदी पुसट आवाजही ऐकू येतो. चांगला बिनतारीवाला आधी चांगला ऐकणारा असावा लागतो, असे म्हणतात ते खोटे नाही.

बॅटरी कमी आणि आवाज पुसट असला, की अनेक जण बोलणे सोडून मोर्सच्या संकेतांकडे वळतात. माणसाचा आवाज नेण्यासाठी सुमारे २,५०० हर्ट्‌झ रुंदीची वाट लागते. 'कट्ट-कडकट्ट' करणाऱ्या मोर्सला दोनशे-तीनशे हर्ट्‌झ पुरतात. वाट अरुंद केली, की तिच्यातून आत शिरणारा खरखराटही तेवढाच कमी होतो. एकोणिसाव्या शतकातली ही लिपी आजही डोंगरावर तग धरून आहे, ती या साध्या कारणामुळे.

पाठपिशवीत काय असते?

संच हातात मावेल एवढा लहान असतो. त्याच्याबरोबर बॅटरी, कानाला लावायचा ध्वनिग्राहक, नोंदवही व पेन्सिल, आणि अँटेनाची तार. तार किती लांब घ्यायची, हे पुन्हा गणितच सांगते. १४ मेगाहर्ट्‌झची तरंगलांबी ३०० ÷ १४ = २१.४ मीटर. साध्या अँटेनाला तिच्या निम्मी, म्हणजे १०.७ मीटर तार लागते. प्रत्यक्षात तारेतील परिणामांमुळे ती सुमारे पाच टक्के कमी ठेवतात. म्हणजे १०.२ मीटर. ती मधोमध तोडून दोन्ही भागांच्या मध्ये संचाकडून येणारी तार जोडतात. माशांच्या गळासारखी, एकात एक सरकणारी काचतंतूची काठी मध्ये उभी करायची, तिच्या टोकाला तारेचा मध्य बांधायचा आणि दोन्ही टोके दोरीने दगडांना अडकवायची. तारेचा आकार उलट्या 'व्ही'सारखा होतो. पाच-दहा मिनिटांत केंद्र तयार!

बॅटरी किती न्यावी? समजा, बॅटरी १२ व्होल्टची व ३ अँपिअर-तास क्षमतेची आहे. बोलताना संच १.२ अँपिअर प्रवाह घेतो आणि ऐकताना ०.१ अँपिअर. तासातली २० मिनिटे बोलण्यात व ४० मिनिटे ऐकण्यात गेली, तर एका तासात ०.४ + ०.०७ = सुमारे ०.४७ अँपिअर-तास खर्च होतील. म्हणजे बॅटरी सहा तास पुरेल. थंडीत मात्र बॅटरीची क्षमता घटते. दर हजार मीटर चढल्यावर तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरते, हे विसरून चालत नाही.

हवामानाची दुसरी बाजू याहून गंभीर आहे. उघड्या माथ्यावर तार टांगून बसलेला माणूस विजेला आमंत्रणच देतो. ढगांचा गडगडाट दुरून ऐकू आला तरी संच बंद करून, तार उतरवून खाली निघायचे, मग तीनच संपर्क झालेले असोत. वीज दिसल्यावर सेकंद मोजा. ध्वनीला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वादळ दहा किलोमीटरांच्या आत आहे. तारेतून तडतड आवाज येऊ लागला किंवा केस उभे राहू लागले, तर धोका अगदी डोक्यावर आलेला असतो. गुण पुढच्या खेपेलाही मिळतील.

खेळातून काय साधते?

दगडांवर बसून चार अनोळखी माणसांना हाका मारण्यात काय मोठे, असे कोणाला वाटेल. पण या खेळात माणूस काय शिकतो ते पाहा. थोड्या सामानात केंद्र उभारणे, बॅटरी जपून वापरणे, पुसट संदेश अचूक टिपणे, वेळ आणि वारंवारता लिहून ठेवणे, आणि कोणती लहर केव्हा कोठवर जाईल याचा अंदाज बांधणे.

संकटात नेमके हेच कामी येते. डिसेंबर २००४ मध्ये भारतीय हॅमचे एक पथक प्रयोगांसाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. अंदमान-निकोबारची दूरध्वनी सेवा कोलमडली. या पथकाने आपले प्रयोग थांबवले आणि बेटांवरील लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचवण्याचे काम हाती घेतले. मनोरे पडले आणि वीज गेली तरी एक बॅटरी, एक तार आणि ती वापरायला सरावलेला माणूस एवढ्यावर संपर्क उभा राहू शकतो. सराव मात्र आधी झालेला असावा लागतो. तो खेळता खेळता होतो, हीच या छंदाची किमया.

भारतातही हौशी बिनतारी केंद्र चालवण्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे, हे नीट ध्यानात ठेवा. पण लहरींचा अभ्यास करायला आज, आत्ता, तुम्हांला कोणी अडवलेले नाही.

करून पाहा

१. एफ. एम. पट्टा असलेला लहान ट्रान्झिस्टर घ्या. खरखरत, अडखळत ऐकू येणारे एखादे केंद्र तळमजल्यावर लावा. तोच संच मोठ्या माणसांसोबत गच्चीवर किंवा जवळच्या टेकडीवर नेऊन ऐका. काय फरक पडला?

२. ट्रान्झिस्टरच्या मध्यमलहरी पट्ट्यावर दुपारी बारा वाजता किती केंद्रे लागतात ते मोजा. रात्री नऊनंतर पुन्हा मोजा. रात्री दूरची केंद्रे का लागतात? (सूचना: आयनांबराचा सर्वांत खालचा थर दिवसा या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो जवळजवळ नाहीसा होतो.)

३. चालू ट्रान्झिस्टरजवळ एलईडी दिवा किंवा मोबाइलचा चार्जर चालू-बंद करा. खरखराट ऐका. 'शांतता' या शब्दाचा बिनतारीतला अर्थ कळेल.

४. १ सेंटिमीटर = १०० किलोमीटर या प्रमाणाने पृथ्वी काढायची तर वर्तुळाची त्रिज्या सुमारे ६४ सेंटिमीटर होईल. त्यावर १ किलोमीटर उंचीचा डोंगर किती उंच दिसेल? (उत्तर: एक-दशांश मिलिमीटर. पेन्सिलीच्या रेघेपेक्षाही कमी!)

विचार करा

१. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. वाटेत दुसरा डोंगर आड येत नाही असे धरले, तर तिच्या माथ्यावरून समुद्रसपाटीवरचे रेडिओ-क्षितिज किती दूर येईल?

२. टप्पा दुप्पट करण्यासाठी उंची किती पट हवी? मोकळ्या जागेत शक्ती किती पट हवी?

३. ७ मेगाहर्ट्‌झच्या साध्या अँटेनासाठी सुमारे किती मीटर तार लागेल?

(उत्तरे: १. सुमारे १६७ किलोमीटर. २. दोन्ही चौपट, पण शक्तीने क्षितिज ओलांडता येत नाही. ३. सुमारे २०.४ मीटर.)